मासे वळले त्या संध्याकाळी

कृपा झाली हे मी मानते, पण ती कुणाची आणि नेमकी कधी झाली, हे मला आजही सांगता येत नाही. तरी जे घडलं ते लिहून ठेवते.

यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत यांच्याइतकं बोलकं माणूस नव्हतं. तेच आता दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघत. यांचं मन रमावं म्हणून मुलीने माशांची लहान काचपेटी आणून दिली. निळ्या-लाल पट्ट्यांचे चार इवले मासे. दुकानदार म्हणाला होता, हे थव्याने फिरतात. आमचे फिरेनात. एक फिल्टरमागे दडलेला, बाकीचे तीन कोपऱ्यांत. यांनी तर त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

कसं कोण जाणे, माझ्या मनाने घेतलं की मासे एकत्र आले की यांची वाचा परत येईल. मी पेटीसमोर बसून दत्ताचं नाव घ्यायची आणि काचेवर बोट वाजवून त्यांना एका जागी बोलवायची. ते आणखीच लपत. देव ऐकत नाही, की मलाच मागता येत नाही, काही उमगेना.

शेजारच्या कमलताई दरवर्षी गिरडला बाबांच्या दर्ग्यात जातात. त्या मलाही घेऊन गेल्या. तिथे काय म्हणायचं असतं तेही मला ठाऊक नव्हतं. डोकं टेकलं आणि यांच्याऐवजी माशांचंच मागून बसले. बाहेर आल्यावर आपण हे काय केलं म्हणून पायरीवर बसून रडू लागले.

शेजारी एक अनोळखी बाई टेकली होती. तिने विचारलं, "काऊन रडून राह्यल्या, बाई?" मी सगळं सांगितलं, अगदी माशांचंसुद्धा. ती हसली नाही. तिच्या जावेकडे असेच मासे होते म्हणे. चारच आहेत म्हणून ते भेतात, त्यांच्याच जातीचे आणखी आणा, मागच्या काचेला काळा कागद लावा, कडेने झाडं लावून मधली जागा मोकळी ठेवा, असं तिने सांगितलं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "अन् सारखं पाहू नका त्याहिले. मासा भेला का गच्च गोळा होते. सुखात असला का मोकळा फिरते, पण संगंच वळते."

घरी येऊन मी तसं सगळं केलं, फक्त पाहणं सुटेना. एका सकाळी मासे एकमेकांना चिकटून गोळा झालेले दिसले. मी आनंदाने हात जोडले, यांना हाका मारल्या. हे भिंतीकडेच बघत राहिले. तेव्हा ध्यानात आलं, माझा चेहरा काचेला लागलेला होता. मासे मला भ्यायले होते. इतके दिवस मी देवाजवळ हेच मागत होते का? पेटीसमोरची खुर्ची उचलून मी यांच्याजवळ ठेवली आणि दुपारभर यांचा हात हातात घेऊन नुसती बसून राहिले. त्या दिवशी काही मागितलं नाही. मागायचं काय, तेच कळत नव्हतं.

संध्याकाळी यांचं बोट हललं. हे पेटीकडे बघत होते. मासे सुटे सुटे फिरत होते, आणि एकाएकी सगळे मिळून वळले.

"वळले," हे म्हणाले.

आवाज घोगरा होता, पण शब्द स्पष्ट होता.

त्यानंतर बरेच दिवस दुसरा शब्द आला नाही. मग हळूहळू शब्द येऊ लागले. डॉक्टर म्हणतात, बोलण्याच्या व्यायामाने वाचा अशीच परतते. कमलताई म्हणतात, बाबांनी ऐकलं. मला कधी दत्त आठवतो, कधी पायरीवरची ती बाई. पूर्वी याचा उलगडा व्हावा असं वाटायचं. आता सकाळी हे अडखळत का होईना, माझं नाव घेतात, आणि माझे हात आपोआप जोडले जातात. ते कुणापुढे, हे ठरवणं मी सोडून दिलं आहे.