वापरात असलेला फोल्डर

बदलीच्या आदल्या दिवशी माझं एकच काम उरलं होतं. ऑफिसच्या सामायिक डिस्कवरचा माझा फोल्डर पुसून टाकायचा. टर्बाइनच्या पात्यांच्या कंपनांचं गणित करणारा प्रोग्राम त्यात होता, नऊ वर्षं मी एकटीनं घडवलेला. प्रकल्प बंद झालाय, उगाच जागा अडवू नका, असं साहेबांनी सांगितलं होतं. आमच्या सरकारी संशोधन संस्थेत प्रकल्प असेच जातात, त्यांचं सुतकही कुणी पाळत नाही. मी डोळे पुसले आणि डिलीट दाबलं.

फोल्डर जाईना. वापरात आहे, म्हणे.

यंत्रानं नाही म्हटलं की मी हट्टाला पेटते. सगळ्या खिडक्या बंद केल्या, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, परवानग्या तपासल्या. जुने अहवाल आणि आलेख निमूट पुसले गेले, पण मूळ प्रोग्राम जागचा हलेना. थोड्या वेळानं पाहते तर आत एक नवी फाइल. निकालांची, वेळ त्याच मिनिटाची. बंद झालेला माझा प्रकल्प कुठेतरी आकडे काढत होता.

मी सिस्टिम रूममध्ये फोन लावला. डिस्कवरची कुठली फाइल कुणी उघडलीय, हे तिथे दिसतं. "मॅडम, स्वल्प रुकिए," तिथला माणूस कानडी मिसळलेल्या हिंदीत म्हणाला आणि मग, "ये तो आपके ही कमरे से है. सामनेवाली मशीन."

समोर ती बसली होती. निपाणीकडची, वयानं माझ्याहून बरीच लहान, पहिल्या दिवसापासून मला अक्का म्हणणारी. प्रोग्राम चालवायला तिला मीच शिकवलं. सहा वर्षं आम्ही डबा एकत्र खाल्ला. के. आर. पुरमच्या तिच्या घरून येताना ती माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी वेगळी बांधून आणायची. प्रकल्प बंद झाल्याचं कळलं तेव्हा तिनंच माझा हात धरला होता. "लई वाईट झालं बघा अक्का," म्हणाली होती.

मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

"माझा प्रोग्राम तुझ्या मशीनवर चालू आहे," मी म्हटलं.

तिनं मान वळवली नाही. "अर्धा तास थांबा की अक्का. शेवटचं गणित चाललंय."

चुकून उघडला असेल, एवढं म्हणाली असती तरी मी विश्वास ठेवला असता. ठेवायला मी टपलेच होते.

"प्रकल्प बंद झालाय ना?"

"साहेबांनी माझ्याकडं दिलाय. तुम्हाला सांगू नको म्हणाले." मग हळूच, "तुम्ही गेल्यावर सांगणारच होते."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. साहेबांचा राग आला नाही, त्यांच्याकडून माझी अपेक्षाच नव्हती. हिचा आला. इतका की तिच्या मशीनची वायर ओढावीशी वाटली. पण मधेच तोडलेलं गणित पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं आणि तसलं पाप माझ्या हातून होत नाही. मी जागेवर जाऊन अर्धा तास थांबले. तिनं निकाल उतरवून घेतले, मग मी पुन्हा डिलीट दाबलं आणि फोल्डर एका फटक्यात गेला.

पाच मिनिटांनी समोरून हाक आली. "अक्का, हे उघडेना झालंय. बघा की जरा."

आणि मी उठले! सहा वर्षांची सवय.

तिच्या पडद्यावर माझ्या फोल्डरचा शॉर्टकट होता. ती नवीन असताना गोंधळते म्हणून मीच करून दिलेला. प्रोग्रामची कॉपी तिनं केव्हाच दुसरीकडे ठेवली होती, हे तिच्याच तोंडून कळलं, पण हात जुन्याच जागी जायचा. म्हणून तर पकडली गेली.

"नवीन कॉपी कुठे आहे?" मी विचारलं. तिनं दाखवली. मी शॉर्टकटला नवा पत्ता दिला आणि क्लिक केलं. प्रोग्रामचं पहिलं पान उघडलं. खाली कोपऱ्यात, जिथे माझं नाव असायचं, तिथे तिचं होतं.

"आलं बघा!" ती हसली, अगदी मनापासून. मग मी काय वाचतेय ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं त्या कोपऱ्यावर तळहात ठेवला.