उलटा आरा

त्या हिवाळ्यात आमचं सेक्शन वरच्या पोस्टवर होतं. रेडिओ माझ्याकडे. बर्फानं पायवाट बंद झाली की खालच्या बेसशी आम्हाला जोडणाऱ्या दोनच गोष्टी उरत, रेडिओ आणि हातानं फिरवायचा रोपवे. त्याचा दोर एका लोखंडी चाकावरून खाली जाई. रॉकेल आणि रेशन त्यावरूनच वर येई.

नायक दत्तू सुतार तळेगाव ढमढेरेचा, मी दौंडच्या रेल्वे कॉलनीतला. सुट्टीला आम्ही बरोबर निघायचो. दौंडला उतरलो की तो पुढं जीपनं जायचा. त्याचे वडील, आबा, बैलगाडीची चाकं करत. भरतीआधी दत्तूही त्यांच्या हाताखाली तेच करी. मी वाचत बसलो की म्हणे, "मास्तर, पुस्तकानं शेगडी पेटत न्हाई."

"पेटते. पण तुला देणार नाही."

एका सकाळी दत्तूच्या छातीत घरघर सुरू झाली. ओठ निळे पडले. बेसवरचे डॉक्टर रेडिओवर म्हणाले, "फुफ्फुसात पाणी झालंय. आजच खाली पाठवा. ओव्हर." वाऱ्यामुळं हेलिकॉप्टर येणार नव्हतं. स्ट्रेचर बांधायला रोपवेपाशी गेलो, तर थंडीनं चाक तडकून दुभंगलेलं.

दुसरं चाक नव्हतं. पोस्टचे प्रमुख सुभेदारसाहेब, त्यांनी दत्तूकडे पाहिलं. त्याला उठून बसणंही जमत नव्हतं. तो पडल्यापडल्या सांगू लागला, मी करू लागलो. लाकडी मोगरीला आरपार भोक पाडून चाकाचा मधला तुंबा केला. कुदळीच्या दांड्यांचे आरे तासले. दारूगोळ्याच्या पेट्यांच्या फळ्यांचा तिहेरी घेर केला. दोर बसावा म्हणून मधला थर आखूड ठेवला. दर वाक्यानंतर तो दम घ्यायला थांबे. ते थांबणं लांबत चाललं होतं.

"आऱ्याचं जाड तोंड तुंब्याकडं," तो म्हणाला.

सगळे आरे ठोकून मी चाक त्याच्यासमोर धरलं.

"मास्तर, एक उलटा बसलाय."

"काढतो."

त्यानं दाराच्या फटीकडे पाहिलं. उजेड उतरत होता. "राहू दे. धाव चढव."

धाव म्हणजे घेर आवळून धरणारी लोखंडी कडी. पेट्यांच्या पट्ट्यांपासून दोन कड्या केल्या, शेगडीत लाल केल्या, चढवल्या, वर बर्फ टाकला. लोखंड आकसलं. सांधे करकरले.

आधी दगडांचं पोतं सोडलं. ते पोचलं. मग दत्तू. बांधून घेताना म्हणाला, "चाक बोललं तर भिऊ नगं. गप झालं तर थांबव."

चाक करकरत फिरत होतं. स्ट्रेचर ढगात शिरलं आणि करकर बंद झाली.

"थांबा!" मी ओरडलो. "बेस, स्ट्रेचर दिसतंय का? ओव्हर."

"नाही. ओव्हर."

जवानांनी हँडल आहे तिथंच धरून ठेवलं. मी हातमोजा काढला आणि चाकाच्या लाकडी खांबावर तळवा टेकवला.

"थोडं सोडा."

करकर तळव्याला लागली. आवाज होता, वाऱ्यात बुडाला होता.

"चालू."

बऱ्याच वेळानं रेडिओ बोलला. "पोचला. शुद्धीवर आहे. ओव्हर."

चाक हिवाळाभर चाललं. दत्तू मात्र पुढच्याच आठवड्यात हॉस्पिटलात वारला.

पोस्ट सोडताना सुभेदारसाहेबांनी ते चाक मला नेऊ दिलं. मी ते तळेगावला नेऊन आबांना दिलं. आबांनी मांडीवर घेऊन एकेक आरा चाचपला.

"ह्यो उलटा हाय."

"हो आबा. मीच बसवला. तुम्ही नीट करा."

त्यांनी मोगरी उचलली. मग थांबले. "दत्तूनं बघितला व्हता?"

"हो."

"काय म्हनला?"

"राहू दे म्हणाला."

आबांनी मोगरी खाली ठेवली. "मंग राहू दे."

आता मी निवृत्त आहे. गाड्यांना रबरी टायर आले. आबांकडे क्वचित एखादं जुनं चाक दुरुस्तीला येतं आणि नीट होऊन परत जातं. आमचं चाक भिंतीला टांगलेलं आहे. दरवर्षी दत्तूच्या स्मृतिदिनी मी दौंडहून जातो. आबा ते खाली काढून तेल लावतात. उलट्या आऱ्यापाशी हात थांबतो. मग पुढच्या आऱ्याकडे जातो.