एका हॅशची शीर्षकं

कानाला हेडफोन, डोळे मिटलेले आणि एक बोट कीबोर्डवरच्या एच बटणावर. औरंगपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने सहकारी, आमचे काका, वेबसाइटचं पान तपासायला बसले की असे दिसत. नव्या माणसाला वाटायचं, हे गृहस्थ ऑफिसात गाणी ऐकतात. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

गाणी कसली! कॉम्प्युटर त्यांना पान वाचून दाखवायचा. एच दाबलं की आवाज पुढच्या शीर्षकावर जातो. "ज्याला दिसत नाय, त्यो असंच वाचतो, पोरी. शीर्षक गेलं की त्याचं पान गेलं."

आमचं काम साधं. पिकांची, औषधांची माहितीपत्रकं मार्कडाउनमध्ये यायची, म्हणजे सरळ टायपिंग आणि शीर्षकापुढं हॅशची खूण. एक हॅश म्हणजे सगळ्यात वरचं शीर्षक, दोन म्हणजे त्याखालचं. त्याचं एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरला कळणारं रूप, करून आम्ही वेबसाइटवर चढवायचो. अक्षरं बारीक दिसावीत म्हणून मी एका हॅशखाली थेट चार हॅश ठोकून द्यायचे. काका लगेच पकडायचे.

"मधल्या दोन पायऱ्या कुणी खाल्ल्या?"

"काका, दिसतंय तर छान!"

"दिसायचं जाऊ दे. ऐक." आवाज पहिल्या पातळीवरून थेट चौथीवर उडी मारायचा.

दुसरा हट्ट याहून मोठा. "एका घरात एकच कारभारी, एका पानावर एकच मोठं शीर्षक." पानाचं नाव वेबसाइट स्वतःच वर छापायची. ते दोनदा येऊ नये म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला: एका हॅशची ओळ दिसली की काढून टाक. काकांनी पाठ थोपटली, "लई भारी!" मी दिवसभर हवेत होते.

पुढं शुगरनं त्यांचे डोळे नेले. त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. एक दिवस त्यांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला, तेव्हा सगळ्यांना कळलं. नोकरी सुटली. छावणीतल्या घरी एकटेच राहू लागले, काकू आधीच गेल्या होत्या.

एकदा भेटायला गेले तर त्यांनी एक फाइल दिली. आजारपणात काकू जे बोलत, ते काका वहीत लिहून ठेवत. नजर पुरती जायच्या आत त्यांनी ते सगळं टाइप केलं होतं. "याचं पान करून दे. आता तिला ऐकत बसायचंय, दुसरं काय राहिलंय?"

मी फाइल वाचली नाही. नवरा-बायकोचं बोलणं, आपण कशाला वाचायचं? सरळ आपल्या प्रोग्रॅममधून काढली आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकली.

आठवड्यानं फोन केला. म्हणाले, "तारखा येतात, औषधं येतात. तिचं बोलणं काय येत नाय. माझ्याच हातून टायपायचं राहिलं असंल, दिसत कुठं होतं?"

"असेल, काका. बघते कधीतरी."

ते कधीतरी आलंच नाही. महिन्याभरात काका गेले.

त्यांच्या मुलीनं फाइल मागितली, तेव्हा मी ती पहिल्यांदा उघडली. तारखा, गोळ्या, ताप, सगळं दोन हॅशखाली. आणि काकूंची प्रत्येक ओळ एका हॅशची. 'अहो, खिडकी उघडा.' 'तुम्ही जेवलात का?' 'मला घरी न्या.' एका पानावर एकच म्हणून माझं डोकं खाणाऱ्या माणसानं बायकोचा शब्दन् शब्द सगळ्यात वर ठेवला होता. आणि माझ्या प्रोग्रॅमनं तो शब्दन् शब्द काढून टाकला होता.

दोन मिनिटांचं काम होतं हो! दोन मिनिटांचं. त्या दोन मिनिटांपायी तो माणूस महिनाभर अंधारात बटण दाबत बसला, आणि दोष स्वतःच्या हातांना देत गेला. मला आजही ते सहन होत नाही.

पान मी दुरुस्त केलं. मुलीला दिलं, एक माझ्याकडं ठेवलं. दुपारी सगळे जेवायला गेले की कधी कधी लावते. सगळ्यात शेवटी, मशीनच्या त्या सपाट आवाजात काकू विचारतात, "अहो, आहात ना?"

खोलीत कुणीच नसतं. तरी मला ते पान बंद करवत नाही.