चाँदबीचा अर्धा राहिलेला चुडा

आमच्या लासुर्ण्याच्या चाँदबीला परमुलखात अटक झाली होती असं सांगितलं की लोकांना वाटतं, बाई विलायतेला गेली असणार. ती नीरेपलीकडं गेली होती. पण सदतीस-अडतीस सालच्या सुमाराला नीरेपलीकडची काही गावं एका छोट्या संस्थानाची होती. अलीकडं इंग्रजाचा कायदा, पलीकडं त्यांचा. नदी मधे असली की माणूस परदेशी होतो, हे ज्यानं ठरवलं त्याला नदीत पोहायला येत नसावं.

चाँदबीचा धंदा बांगड्यांचा. नवरा अल्लाबक्ष बारामतीच्या बाजारातून माल आणायचा आणि ती डोक्यावर दुरडी घेऊन कळंबपासून पलीकडच्या गावांपर्यंत घरोघर हिंडायची. अंगानं किरकोळ, जिभेनं तिखट. पण हात असा मऊ की जाडजूड मनगटावर घट्ट चुडा चढायचा आणि बाईला कळायचंसुद्धा नाही. तिनं बांगड्या भरल्या की सवाष्णी रिवाजाप्रमाणं तिला वाकून नमस्कार करायच्या. चाँदबी तोंड भरून दुवा द्यायची आणि लगेच म्हणायची, "आता पुढच्या पंचमीपतुर भांडी जरा हळू घासा."

त्या साली संस्थानानं नव्या इमारतीसाठी वेठ लावली. भर पेरणीच्या दिवसांत बिनमजुरीनं दगड वाहायचे. भिमा नावाच्या कुणब्यानं आणि त्याच्या गावातल्या काही गड्यांनी नकार दिला, मार खाल्ला, आणि नदी ओलांडून लासुर्ण्याला कालव्याकडेला झोपड्या घालून राहिले. वालचंदनगरचा कारखाना नुकता उभा राहिला होता. उसाच्या रानात हाताला काम मिळत होतं. पण बायका मागंच राहिल्या होत्या. संस्थानानं नदी ओलांडायच्या उतारावर शिपाई बसवले आणि दवंडी दिली की गडी परत येईपर्यंत त्यांच्या घरातलं एकही माणूस नदी ओलांडणार नाही. बायका ओलीस धरायच्या आणि त्याला राज्य म्हणायचं, एवढं सोपं होतं ते.

कोणी सांगितलं नाही, विनवलं नाही. चाँदबीनं एका सकाळी दुरडी उचलली आणि कळंबच्या सावळारामच्या दारात जाऊन उभी राहिली. सावळारामचं गुऱ्हाळ होतं आणि गुळाची मोठी लोखंडी काहील आषाढात रिकामीच पडलेली असायची. आमच्याकडं नदी फुगली की तीच काहील नावेसारखी पाण्यात सोडतात.

"काहिलीत किती माणसं बसत्यात?" तिनं विचारलं.

"मी धरून दोन. तिसरं बसलं तर तिघं बी बुडतील."

"मग एकेक आणू."

बांगडीवालीला कोणत्याही माजघरात मज्जाव नसतो. चाँदबी घरात जायची, हात हातात घ्यायची, आणि बांगडी चढवता चढवता कानात सांगायची की दुपारी धुणं घेऊन खालच्या वळणावर ये. दुपारी शिपाई भाकरी खायला बसत. एक बाई जायची, दोन दिवसांनी दुसरी. कडेवरची पोरं आईबरोबर यायची. लासुर्ण्याच्या झोपड्यांत एकेक चूल पेटू लागली.

मग भिमाची बायको रंगूबाई हिची पाळी आली आणि घोटाळा झाला. चांगली पोक्त, घरात सून आलेली बाई. काठावर उतरताना दगडावरून घसरली आणि दोन्ही हातांतल्या बांगड्या फुटल्या. काहील समोर डुलतेय, सावळाराम हात करतोय, आणि ही काठावर बसून राहिली.

"मोकळ्या हातानं मी नवऱ्याम्होरं जायाची न्हाय."

आता दुसरी कोणी असती तर तिनं रंगूबाईला उचलून काहिलीत टाकलं असतं. पण चाँदबी बांगडीवाली होती. फुटक्या हातानं सवाष्णीला वाटेला लावायचं नाही, हे तिच्या सासूनं तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तिनं सावळारामला थांबायची खूण केली आणि दगडावर फतकल मारली. परमुलखात, शिपायांच्या हाकेच्या अंतरावर, जीव मुठीत धरून पळायचं सोडून या दोघी चुडा भरत बसल्या. आजही आठवलं की मला राग येतो आणि हसूही येतं.

डावा हात भरून झाला. उजव्यात पहिली बांगडी चढवणार तोच शिपाई ओरडत आले. चाँदबीनं रंगूबाईला काहिलीत ढकललं, काहील पाण्यात लोटली आणि स्वतः दुरडीवर हात ठेवून उभी राहिली. तिसऱ्या माणसाला जागा नव्हती, हे तिला ठाऊकच होतं.

तिला संस्थानच्या कचेरीमागच्या कोठारात कोंडलं. आरोप असा की परक्या मुलखातून येऊन प्रजेच्या बायका फूस लावून पळवल्या. अल्लाबक्ष इकडच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवून आला. सगळीकडं एकच उत्तर मिळालं, तो मुलूख आमचा नव्हे. तिकडं फौजदार रोज तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचा. पार व्हायच्या राहिलेल्या काही बायका गावातच लपल्या होत्या. त्यांत भिमाची थोरली सून झुंबर होती, पोटुशी. कोणत्या घरात आहेत तेवढं सांग आणि आपल्या घरी जा, असं त्याचं म्हणणं होतं. सांगितलं असतं तर चाँदबी संध्याकाळी घरी आली असती आणि त्या बायकांपायी सगळे गडी मान खाली घालून परतले असते.

"सायेब, मी हात वळखते," चाँदबी म्हणायची. "नावं-गावं माझ्या ध्येनात ऱ्हात न्हायती."

इकडं रंगूबाई एक हात भरलेला आणि एक मोकळा घेऊन हिंडत होती. नवऱ्यासमोर मोकळ्या हातानं जाणार नाही म्हणणारी हीच ती. अल्लाबक्ष स्वतः म्हणाला, "वयनी, द्या हात, मी भरतो." तिनं हात पदराखाली घेतला.

"जिनं सुरू केला तीच पुरा करंल."

भिमा वैतागला. "अगं, भर की. माझ्या जिवाला काय झालं म्हंजी?"

"तुमी इतक्या लवकर जात न्हाय," रंगूबाई म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

अल्लाबक्षनं मात्र एक काम चोख केलं. त्यानं बारामती-इंदापूरच्या साऱ्या मणियारांना, म्हणजे बांगडीवाल्यांना, निरोप धाडला की चाँदबी सुटेपर्यंत नीरेपलीकडं कोणी दुरडी न्यायची नाही. कोणी नेली नाही. नागपंचमी तोंडावर आली आणि संस्थानात घराघरातल्या बायका जुन्याच बांगड्यांकडं बघून धुसफुसू लागल्या. फौजदाराची लेक पहिल्या पंचमीला माहेरी आली होती. तिनं तर रुसून जेवण सोडलं होतं म्हणतात.

पंचमीच्या आदल्या दिवशी रंगूबाई उठली आणि सावळारामला म्हणाली, "काहील काढा. भर उतारावर न्या."

तिच्यामागं सुटून आलेल्या साऱ्या बायका निघाल्या. पुन्हा कोंडतील, हे प्रत्येकीला माहीत होतं. गडी अडवायला लागले तेव्हा एकजण म्हणाली, "चाँदबीला म्हाईत न्हवतं व्हय?" आणि गडी बाजूला झाले. सावळारामनं खेपांवर खेपा केल्या. उतारावरचे शिपाई आ वासून बघत राहिले. ज्यांच्यासाठी रानोमाळ धुंडाळलं त्या बायका डोक्यावर पदर घेऊन समोरून चालत येत होत्या.

गावातून जाताना दाराआडच्या बायका बाहेर पडल्या. कचेरीपुढं पोचेपर्यंत बाजार भरल्यासारखी गर्दी झाली. फौजदार ओटीवर आला.

"तुम्हांला त्या बांगडीवालीनं फूस लावली होती ना?"

"आज कुणी लावली?" रंगूबाईनं विचारलं. "माझी मी आलेय. ह्यो हात भरायचा ऱ्हायलाय." तिनं मोकळा हात त्याच्यासमोर धरला. "तिला सोडा, न्हायतर तुमी भरा."

गर्दीत आधी एक बाई हसली, मग सगळ्या हसल्या. एक शिपाईही हसला आणि लगेच खोकला. फौजदारानं मागं बघितलं. दारात त्याची लेक उभी होती, दोन्ही हात पुढं करून.

त्यानं कोठाराची किल्ली शिपायाकडं फेकली. "भरून घ्या एकदाच्या बांगड्या, आणि हिला, आलेल्या या साऱ्या बायकांसकट, पार नदीपल्याड घालवून द्या."

चाँदबी बाहेर आली तेव्हा ऊन डोळ्यांवर येऊन तिला काही दिसेना. तिनं समोरचा हात चाचपला आणि म्हणाली, "रंगूबाई व्हय? वाळलीस गं." शिपायानं जप्तीतली दुरडी आणून ठेवली तशी तिनं दगडावर फतकल मारली, उजवा हात भरून पुरा केला आणि रंगूबाईनं भर कचेरीसमोर तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मग फौजदाराची लेक बसली. तिच्यामागं शिपायांच्या बायका, त्यांच्यामागं सारा गाव. चाँदबीनं एकीलाही परत पाठवलं नाही. ऊन कललं तरी ती भरतच होती.

शेवटी बायका नदीकडं निघाल्या तो भला मोठा घोळकाच होता. सगळ्यांचे पदर डोक्यावर, सगळ्यांच्या हातांत नवी काच. किती आल्या होत्या ते कोणी मोजलं नव्हतं, म्हणून किती परत निघाल्या तेही कोणाला कळेना. एका शिपायाला मधल्या एकीची चाल ओळखीची वाटली. तो पुढं सरकला, तर त्याची बायको नवा चुडा खळकन वाजवून त्याच्या आडवी उभी राहिली. त्यानं मुकाट्यानं तोंड दुसरीकडं केलं.

अलीकडच्या काठावर भिमा गुडघाभर पाण्यात उभा होता. पहिल्या खेपेला झुंबर उतरली. मग लपलेल्या बाकीच्या, एकूण एक. मग रंगूबाई. चाँदबी सगळ्यांत शेवटी आली, रिकामी दुरडी मांडीवर घेऊन. अल्लाबक्षनं तिला हात देऊन उतरवलं आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की बायकोची स्वतःची मनगटं उघडी आहेत. कोठारात तिच्या बांगड्या केव्हाच फुटल्या होत्या आणि दुरडीतली शेवटची काच तिनं झुंबरला भरली होती.

तो काही बोलायच्या आत रंगूबाईनं आपल्या उजव्या हातातली एक बांगडी हळूच काढली, काठावर फतकल मारली आणि म्हणाली, "आण हात."