उजव्या बाजूचं फूल

सापाला आमच्या गावात साप म्हणत नाहीत. कडब्याच्या गंजीत हात घातला आणि माझा नवरा ओरडला, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पान लागलं गं माझ्या लेकराला!" मी हायस्कूलवर विज्ञान शिकवते. साप चावल्यावर काय करायचं, हे दरवर्षी घसा फोडून सांगते. टेम्पो दारात उभा होता. तरी सगळ्यांनी ह्यांना उचलून नेलं ते भैरोबाच्या देवळात.

रीतच तशी. पान लागलेल्यानं देवाचा कौल घेतल्याशिवाय वेस ओलांडायची नाही. पुजाऱ्यानं देवाच्या ओल्या खांद्यांवर दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर दवाखाना. डावं पडलं तर इथंच, अंगारा लावून.

"अहो, विष काय फुलाची वाट बघत बसणार आहे का?" मी किंचाळले. "पापण्या बघा त्यांच्या! उघडेनात!"

"मास्तरीनबाई, तुमची शाळा तिकडं," पुजारी म्हणाला. "हितं देवाचं चालतं."

दोघं-तिघं हसलेसुद्धा मेले! टेम्पोची किल्ली दिराच्या मुठीत, आणि दीर आईच्या तोंडाकडे बघतोय.

फूल पडेना. ह्यांची जीभ जड झाली, तोंडातून लाळ ओघळायला लागली. काय बोलत होते तेही कळेना. मग मी, विज्ञानाची बाई, देवापुढे गुडघे टेकले आणि हात जोडले. पाड की रे बाबा! तुझं काय जातंय? एवढी लाचार मी जन्मात झाले नव्हते. देव आपला ढिम्म.

सगळे डोळे मिटून गाऱ्हाणं घालत होते. मी हात पुढे केला आणि उजवं फूल ओढलं.

वळून बघते तर सासूबाईंचे डोळे सताड उघडे, माझ्या हातावर. मेले, म्हटलं, आता संपलंच सगळं.

"दिला! उजवा दिला देवानं!" त्या केवढ्यांदा ओरडल्या. "टेम्पो काढ, मुडद्या!"

दवाखान्यात ह्यांना इंजेक्शनं दिली, श्वासाच्या मशीनवर घेतलं. आम्ही दोघी बाहेर बाकावर. दुपार कलल्यावर डॉक्टर आले आणि खाली मान घालून म्हणाले, "फार उशीर केलात हो. नाही वाचवता आलं."

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी माझा तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आगं," त्या म्हणाल्या, "मंग आदीच का न्हाई वढलंस?"