उसातली माहेरवाशीण

रविवारी पक्षी बघायला जाणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये माझ्या कॅमेऱ्याला ‘काकूंचा मिक्सर’ म्हणत. झूमची कळ फिरवली की लेन्स घुर्र करत बाहेर यायची, म्हणून हे नाव. बाकीच्यांकडे दोन्ही हातांनी उचलाव्या लागतील अशा लेन्स, त्यांना नेसवायला हिरवी कापडं, तीन पायांचे स्टँड. माझा साधा ब्रिज कॅमेरा, म्हणजे फोन आणि त्या अवजड कॅमेऱ्यांच्या मधला. लेन्स बदलायची भानगड नाही. नाशिक रोडहून बस पकडायची, कॅमेरा पिशवीत डब्याशेजारी. त्याच कॅमेऱ्यात नातवाचा वाढदिवस, त्यातच गॅलरीत वाळत घातलेल्या कुरडया आणि त्यातच तळ्यापलीकडचा खंड्या. निवृत्तीनंतर एवढी हौस मला पुरत होती. पण कोणी टोचून बोललं की ते माझ्या मनातून जात नाही, हा माझा जुना दोष.

ग्रुपमधले म्हणत, “काकू, पक्षी झकास आलाय, पण मागे सगळा बाजार दिसतोय.” त्यांच्या फोटोंत मागचं सगळं सायीसारखं मऊ होऊन जायचं. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा, त्यामुळे पुढचं आणि मागचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट यायचं. शिवाय पूर्ण झूम केलं की लांबलांबच्या वस्तू एकमेकींना चिकटून बसल्यासारख्या दिसायच्या. हे मला माहीत होतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं माझ्या अडाणीपणामुळे झालं असं कोणाला वाटायला नको.

माझं माहेर विंचूरच्या अलीकडे, कालव्याच्या अंगाला. दादा-वहिनी मळ्यातच राहतात. एका बाजूला द्राक्षं, दुसऱ्या बाजूला ऊस. गेल्या हिवाळ्यात मी चार दिवस राहायला गेले, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीने मला हाताला धरून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीकडे नेलं. म्हणाली, “वन्सं, तुमचं ते यंत्र घ्या. बोलू मात्र नका.”

उसाच्या कडेला बांधावर बिबट्याची मादी ऊन खात बसली होती. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर वाळलेल्या पाचटाचा ढीग वाटावा एवढी लांब. मी खोलीच्या भिंतीवर कोपरं टेकवली, श्वास धरला आणि कळ फिरवली. घुर्र झालं तसं तिने कान फिरवले, पण उठली नाही. मग उसातून दोन पिल्लं आली आणि तिच्या पोटाशी घुसली.

वहिनीला दोन महिन्यांपासून माहीत होतं. तिने दादाशिवाय कोणालाही सांगितलं नव्हतं. कुत्री संध्याकाळी आत घ्यायची, गड्यांना त्या तुकड्याकडे जाऊ द्यायचं नाही, पाण्याची पाळी फक्त दादाने भरायची, असा तिने बंदोबस्त केला होता. “बाळंतपणाला आलीय ती. माहेरवाशीण हाय. ऊस तुटला का जाईल पोरं घेऊन,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली. “तुम्ही नाय का आल्या दोन्ही टायमाला? कोणी हाकललं का तुम्हाला?” आई लवकर गेली होती, त्यामुळे माझी दोन्ही बाळंतपणं या वहिनीनेच केली. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, तान्ह्यांची न्हाणी, सगळं. तिने फक्त एकच मागितलं, “कोणाला दाखवू नका, वन्सं.” मी कशाला दाखवतेय, असं मी म्हटलं आणि तेव्हा ते मनापासूनच म्हटलं.

घरी परतल्यावर फोटो मोठ्या पडद्यावर बघितला. मिशीचा केस न् केस आलेला. असा फोटो ग्रुपमधल्या कोणाकडेही नव्हता. दोन दिवस मी तो दिवसातून दहादा उघडून बघितला. तिसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर कोणीतरी आपल्या नव्या लेन्सचं कौतुक लावलं होतं, तेव्हा मला राहवलं नाही. ही मंडळी काही ‘कोणी’ नव्हेत, प्राण्यांवर जीव टाकणारी आहेत, अशी मनाची समजूत घातली. ठिकाण लिहिलं नाही, एवढी अक्कल दाखवली. ‘मिक्सरमधून’ एवढंच लिहून फोटो टाकला. अर्ध्या तासात वाहवा सुरू झाली. खोटं कशाला सांगू, त्या सकाळी मी फार खूश होते.

मी मिशा बघितल्या, पिल्लं बघितली. मागची भिंत बघितलीच नाही. कालव्यापलीकडे गावची शाळा आहे, तिची निळी भिंत फोटोत मादीच्या मागे उभी होती. प्रत्यक्षात बांध आणि शाळा यांच्यामध्ये अर्ध्या किलोमीटरचं रान, कालवा आणि रस्ता. फोटोत ती शाळेच्या भिंतीला पाठ लावून बसल्यासारखी दिसत होती. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव होतं. थोडं पुसट, पण वाचता येत होतं. मोठ्या लेन्सवाल्याने काढला असता तर त्या भिंतीचा नुसता निळा धूर झाला असता.

संध्याकाळपर्यंत फोटो फिरत फिरत गावच्या ग्रुपवर पोचला. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. ओरडला नाही. “फोटो तुझाच ना?” एवढं विचारलं. मी हो म्हटलं. “भीतीने आज शाळेत एकही पोर आलं नाही,” म्हणाला आणि फोन ठेवला.

मिळेल त्या बसने मी गेले. शाळेच्या पटांगणात गाव जमलं होतं. मी कॅमेरा काढून सगळ्यांना समजावलं, एका म्हशीचा आणि तिच्यामागच्या लांबच्या देवळाचा फोटो काढून दाखवला. हे बघा, म्हैस देवळाला चिकटलेली दिसते की नाही? एक-दोघांनी माना हलवल्या. कडेवर मूल घेतलेली एक बाई शांतपणे म्हणाली, “देऊळ जागचं हलत नाय, मावशी. ती चालत येईल ना.” मी कॅमेरा पिशवीत ठेवला. त्या बाईचं काही चुकलं नव्हतं, आणि हेच मला आजवर सर्वात जड जातं. वहिनी पटांगणात आलीच नाही.

गावाने पिंजऱ्याची मागणी केली, पिंजरा आला. चौथ्या दिवशी सकाळी मादी त्यात होती. वनखात्याच्या लोकांना पिल्लांचं वहिनीनेच सांगितलं. त्यांनी दोन दिवस ऊस पिंजून काढला, पण वाढलेल्या उसात दोन हातांपुढचं दिसत नाही. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्याच्या गजांवर तोंड खरचटलेल्या अवस्थेत त्या मादीला घेऊन गेले. कुठे नेलं ते आम्हाला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

पुढच्या महिन्यात ऊस तुटला. तोडणाऱ्यांना पाचटात एक पिल्लू मिळालं, वाळून कोळ झालेलं. दुसऱ्याचं काहीच सापडलं नाही. दादाने फोनवर हे सांगितलं आणि लगेच विषय बदलला.

ग्रुप मी सोडला. त्यांनी काही केलं नव्हतं, पण ती वाहवा पुन्हा डोळ्यांसमोर नको होती. नातवाचे फोटो आता फोनवर काढते.

वहिनीने मला एका शब्दाने दुखवलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या गोड मानून घेतल्या असत्या. उन्हाळ्यात गेले तेव्हा तिने साडी-चोळी केली, आवडीचं पिठलं केलं, ओटी भरली. सगळं यथासांग. फक्त सकाळी चहाबरोबर रानातल्या गोष्टी सांगायची तिची सवय होती, मुंगसाची बिळं, घुबडाची पिल्लं, ते सगळं बंद झालं. मी बसून राहायचे आणि ती तांदूळ निवडायची.

परवा भाच्याकडून, दादाच्या मुलाकडून, कळलं की त्याच तुकड्यात, तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या खोडव्याच्या उसात, आणखी एक मादी आलीय. बहुतेक पिल्लंही आहेत. मी लगेच वहिनीला फोन लावला. पाऊसपाणी झालं, तिचे गुडघे झाले. मग मी विचारलं, “वहिनी, रानात काही दिसतं का गं हल्ली?”

मागे दादा कोणाला तरी सांगत होता, कुत्री आत घे, दिवस मावळायला आला.

वहिनी म्हणाली, “नाय वन्सं. आता काय नाय येत इकडं.”