वहिनीची आठ गाणी

सायखेड्याला आमची झेंडूची शेती. फुलं खुडताना थोरली वहिनी देवीची गाणी म्हणायची, आणि ती सगळी तिने स्वतः रचलेली. ढोलकीवर मी. नव्वदच्या दशकातल्या एका नवरात्रात मुंबईच्या कॅसेट कंपनीचा माणूस ती ऐकून गेला आणि दिवाळीनंतर आम्हाला बोलावणं आलं.

स्टुडिओत दिवसभरात आठ गाणी झाली. मालकाने वहिनीच्या हातावर दोन हजार रुपये ठेवले आणि इंग्रजीतला एक कागद पुढे सरकवला.

"भाऊजी, काय लिव्हलंय?"

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. चार ओळी वाचल्या, बाकीचं कळेना, आणि ते कबूल करायची लाज वाटली. "पैसे मिळाल्याची पावती आहे," म्हणालो. तिने सही केली.

कॅसेट तुफान चालली. वणीच्या गडावर दुकानादुकानांत तीच लागलेली. कव्हरवर मात्र भलत्याच बाईचा फोटो, आणि वहिनीचं नाव शोधूनही सापडेना. "आवाज तर माझाच हाय ना," म्हणत ती हसायची. माझं डोकं फिरायचं.

पुढे सीडी आल्या, मग मोबाईल. एकदा न राहवून मी कंपनीला फोन लावला, तर रिंगऐवजी वहिनीचंच गाणं वाजू लागलं! मी फोन तिच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली. गाणं मध्येच तुटलं आणि पलीकडून एक बाई बोलली.

वहिनीने नाव सांगितलं. "आत्ता वाजलं ते माझं गाणं हाय."

"गाणं कंपनीचं आहे. आपण कोण?"

आम्ही मुंबई गाठली. त्यांनी तोच कागद काढला. आता मला वाचता येत होता: शब्द, चाल, आवाज, सगळं कायमचं कंपनीचं. वर दमही दिला, कार्यक्रमात गायलात तर नोटीस येईल. जिने गाणी रचली तिलाच ती गायची बंदी! मी तावातावाने भांडलो. वहिनीनेच मला बाहेर ओढलं.

परतताना इगतपुरी मागे पडली तेव्हा मी एकदाचं सांगून टाकलं, "वहिनी, तो कागद मला तेव्हा कळलाच नव्हता."

"ठाऊक हाय. तुमचं तोंड बघूनच कळलं व्हतं," ती म्हणाली. "पण मला गायचं व्हतं, भाऊजी. त्यांनी त्याचाच फायदा घेतला."

त्या वर्षीच्या नवरात्रात ती गावच्या मंडपात उभी राहिली. "ही गाणी मी रचलीत," असं माईकवर ठणकावून सांगून आठच्या आठ गायली. नोटीस काही आली नाही. पैसाही नाही. कंपनी मात्र ती गाणी अजून विकते आहे, त्याच भलत्या फोटोसकट.